एका निवडीची चौसष्ट कार्डं

रविवारी सकाळी मी हॉलवर पोचलो तेव्हा गोताड तक्रारपेटीच्या फटीत अडकलेलं एक कार्ड फूटपट्टीनं आत ढकलत होते. कार्ड जात नव्हतं. आत आधीच इतकी कार्डं होती की ती त्याला बाहेर लोटत होती.

"पेटी भरली सायेब," ते म्हणाले. "काल सगळ्यांनी लिवलानी. एक पण कार्ड वाया जाऊ दिला नाय."

काम नीट पार पाडल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मीही हसलो. त्या पेटीत एरवी आठवड्याला चार-पाच कार्डं पडायची. पिंगपाँगचे बॉल संपले, एसी फार गार आहे, एसी गार नाही, असल्या गोष्टी. त्या दिवशी तिच्यात चौसष्ट कार्डं होती आणि सगळ्यांवर एकाच चौकोनात खूण होती, 'पुअर'. ती गोताडांची नोकरी खाणार आहेत हे तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. आणि कार्डं वाटायची कल्पना माझी होती.

मी तेव्हा कुवेतमध्ये एका खाजगी सर्व्हिस कंपनीत रिक्रिएशन सुपरवायझर होतो. हुद्दा ऐकायला भारदस्त, काम साधं. इराकची लढाई सुरू होऊन एक-दोन वर्षं झाली होती. शहरापासून तासाभरावर वाळवंटात अमेरिकन सैन्याचे कॅम्प होते. सैनिक आधी तिथे येत, काही आठवडे राहत आणि मग उत्तरेला सरहद्दीपलीकडे जात. त्यांचं जेवण, धुणं, पाणी, जनरेटर ही सगळी कामं कंत्राटी कंपन्यांकडे होती. आमच्याकडे होता करमणुकीचा हॉल. हॉल म्हणजे एक भलामोठा तंबू, त्यात दोन मोठे टीव्ही, पिंगपाँगची टेबलं, पुस्तकं, घरी बोलायला फोन. मी त्याचा सुपरवायझर आणि गोताड तिथले एक अटेंडंट.

ते कार्ड काय होतं ते सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. त्यावर चार चौकोन असत. एक्सलंट, गुड, फेअर, पुअर. खाली मनातलं लिहायला दोन-तीन ओळी. प्रत्येक कार्डाला छापील नंबर, म्हणजे एखादं गहाळ झालं तर त्याचाही जबाब द्यावा लागे. कार्ड देताना ड्युटीवरच्या अटेंडंटनं मागच्या बाजूला स्वतःच्या नावाचा शिक्का मारायचा. पेटीची किल्ली सैन्याच्या ऑफिसकडे. त्यांना आम्ही 'क्लायंट' म्हणायचो. दर रविवारी त्यांचा माणूस पेटी उघडायचा, कार्डं मोजायचा आणि शहरात राई भागातल्या आमच्या ऑफिसात पाठवून द्यायचा. तिथे ती कॉम्प्युटरवर चढायची. महिनाअखेर त्याचा रिपोर्ट.

अनंत गोताड गुहागरकडचे. पन्नाशीला टेकलेले, मूळचे सुतार. नव्वद साली कुवेतवर इराकच्या फौजा आल्या तेव्हा ते इथेच एका फर्निचरच्या वर्कशॉपात होते. हजारो लोकांबरोबर ते ट्रकनं बगदादला, तिथून जॉर्डनला गेले, वाळवंटातल्या छावणीत तीन आठवडे राहिले आणि विमानानं मुंबईला पोचले. हत्यारांची पेटी इथेच राहिली. परत यायला त्यांना आठ वर्षं लागली. आता गुडघा गेला होता, म्हणून अटेंडंट. मुलगी रत्नागिरीला नर्सिंग शिकत होती, अजून दीड वर्ष बाकी होतं. ते संपेपर्यंत इथे टिकायचं आणि मग कायमचं गावी जायचं, एवढाच त्यांचा बेत होता. फार मोठं काही मागत नव्हता माणूस.

इंग्रजी त्यांना बेताचं यायचं, पण सैनिकांचं त्यांच्यावाचून पान हलत नसे. पिंगपाँगचं जाळं फाटलं की कोळ्याच्या गाठी घालून ते असं विणायचे की नव्यापेक्षा टिकायचं. सगळे त्यांना मिस्टर जी म्हणत.

त्या महिन्यात जी तुकडी आली ती राखीव सैन्याची होती. त्यांच्याकडे अशी पद्धत असते. एकाच राज्यातले शिक्षक, ट्रक ड्रायव्हर, दुकानदार बोलावतात आणि वर्दी चढवून पाठवतात. सगळे एकाच राज्याचे, त्यामुळे सगळ्यांची फुटबॉल टीमही एकच. टीमचं नाव सांगत नाही. सांगून तुम्हाला फरक पडणार नाही, आणि त्या लोकांचं दुःख मी पाहिलंय, ते आणखी वाढवायची माझी इच्छा नाही.

त्यांच्यातला सार्जंट मिलर दोन आठवडे आधी माझ्याकडे आला. शाळेत भूगोल शिकवणारा, शांत माणूस.

"दोन आठवड्यांनी, शनिवारी ड्राफ्ट आहे," तो म्हणाला. "इथल्या वेळेनं संध्याकाळी सातला. मोठा टीव्ही आम्हाला मिळेल?"

ड्राफ्ट म्हणजे काय ते मला त्यानंच शिकवलं. त्यांचा फुटबॉल आपल्यासारखा पायानं खेळायचा नव्हे. लांबट बॉल, डोक्यावर हेल्मेट आणि एकमेकांवर आदळणं. दर वर्षी मोठ्या टीम्स कॉलेजमधली मुलं पाळीपाळीनं निवडतात. आदल्या वर्षी सगळ्यात जास्त हरलेल्या टीमची पाळी पहिली. लिलाव नाही. पाळी आली की एक नाव उच्चारायचं, की तो मुलगा तुमचा. मिलरच्या टीमची पाळी पाचवी होती. यावरून त्यांचं आदलं वर्ष कसं गेलं असेल ते समजा.

गोताड शेजारी उभे राहून ऐकत होते. मिलरनं बुद्धिबळाच्या पटावर सोंगट्या मांडल्या.

"हा मधला बॉल फेकणारा. त्याच्यापुढे ही पाच धिप्पाड माणसं. ही आमची भिंत. समोरचे लोक त्याच्यावर तुटून पडतात, त्यांना हिनं थोपवायचं. आमची भिंत गेली सहा वर्षं नाहीच. फेकणारा दर मॅचला जमिनीवर." मग त्यानं पटाच्या अगदी कडेला एक प्यादं ठेवलं. "आणि हा वाइड रिसीव्हर. दूर कडेला उभा राहतो, सुसाट पळतो आणि लांबून आलेला बॉल उडी मारून पकडतो. दिसायला फार सुंदर. गेल्या दोन्ही वर्षी आम्ही हाच घेतला."

मी गोताडांना मराठीत सांगितलं. त्यांनी पटाकडे पाहिलं.

"पण भिंत नसंल तर तो मधला फेकणार कसा?"

मी ते मिलरला सांगितलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढून गोताडांच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, "या माणसाला आमच्या टीमचा मॅनेजर करा."

क्रिकेटवाल्यांसाठी सांगायचं तर असं, की तुमची सलामीची जोडी दर मॅचला पंधरा धावांत तंबूत परत येते आणि निवड समिती दर वर्षी पाचव्या नंबरवर एक देखणा फलंदाज आणून ठेवते.

शनिवारसाठी गोताडांनी माल उतरवून रिकाम्या पडलेल्या लाकडी फळ्या गोळा केल्या आणि टीव्हीसमोर चार पायऱ्यांची गॅलरी बांधली, मागच्यांनाही दिसावं म्हणून. कोणी सांगितलं नव्हतं. दोन दिवस दुपारच्या उन्हात ठोकत बसले होते. संध्याकाळी सात वाजता ती गॅलरी भरली, खाली सतरंज्यांवरही माणसं बसली. बाहेर धूळ उडत होती, तंबूचं कापड फडफडत होतं.

पहिल्या चार टीम्सची नावं होईपर्यंत तास गेला. एकेका टीमला विचार करायला पंधरा मिनिटं देतात. त्या तासात मी त्या माणसांना जितकं आनंदी पाहिलं तितकं पुन्हा कधी पाहिलं नाही. कारण पहिल्या चौघांनी त्यांना हवा असलेला मुलगा घेतलाच नाही. भिंतीतला माणूस, साडेसहा फुटी, शिल्लक होता. एकजण म्हणाला, आता चुकायलाच जागा नाही. बाकीच्यांनी त्याला गप्प केलं, दृष्ट लागेल म्हणून. हे त्यांच्यातही असतं.

मग सूट घातलेला एक माणूस टीव्हीवर चिठ्ठी घेऊन आला आणि त्यानं नाव वाचलं. वाइड रिसीव्हर.

टीव्हीतला तो एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा आईला मिठी मारून रडत होता. इकडे एक दणकट कॉर्पोरल सतरंजीवर आडवा झाला आणि त्यानं टोपीनं तोंड झाकलं. एकजण उठून थेट फोनकडे गेला. वडिलांना फोन लावला आणि दोघं नुसतेच गप्प होते असं दिसलं, कारण याच्या तोंडून दोन मिनिटांत एक अक्षर निघालं नाही. कोणीतरी हसायला लागला, ते हसणं चांगलं नव्हतं. एका पोरसवद्या सैनिकानं धीर करून म्हटलं, "पण तो फार वेगवान आहे." त्यावर चहूबाजूंनी त्याच्यावर मक्याच्या लाह्या पडल्या. मिलर जागचा हलला नाही. पटावरची सोंगटी बोटांत फिरवत एवढंच म्हणाला, "दर वर्षी."

मला ते हास्यास्पद वाटलं नाही. हे सगळे लोक आठवड्याभरात उत्तरेला जाणार होते. पुढे काय ते त्यांच्या हातात नव्हतं. घरचं एक तरी काही धड होईल एवढी आशा होती, तीही गेली.

मग राग आला. आधी शिव्या, मग पायऱ्यांवर बूट आपटणं. एका आडदांड गड्यानं लोखंडी खुर्ची डोक्यावर उचलली. रोख टीव्हीकडे होता. टीव्ही फुटला असता तर माझी धडगत नव्हती. मी पुढे झालो आणि माझ्या तोंडून जे निघालं ते माझ्या वडिलांचं वाक्य होतं.

"रागावू नका. लेखी द्या."

माझे वडील बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. गाडी चार तास लेट झाली की माणसं खिडकीवर धावून यायची. वडील आवाज चढवायचे नाहीत. तक्रार वही पुढे सरकवायचे, पेन द्यायचे, वर बसायला स्टूल द्यायचे. माणूस नाव-गाव-पत्ता लिहिता लिहिता निम्मा थंड व्हायचा, आणि सही करेपर्यंत गाडी लागायची. तीस वर्षांत त्यांच्यावर कोणी हात टाकला नाही. रागावलेल्या माणसाला कागद द्यावा, हे आमच्या घरातलं शास्त्र होतं.

"कोणाला लेखी देऊ?" खुर्चीवाल्यानं विचारलं.

"आमच्याकडे कार्ड आहे. त्यावर पुअरचा चौकोन आहे," मी म्हटलं.

सगळा तंबू हसला. खुर्ची खाली आली. "मला दे. मला दोन दे." गोताड धावले. नवं बंडल फोडलं, पेन्सिली काढल्या. एकेक कार्ड घेऊन मागे नियमाप्रमाणे शिक्का मारायचा आणि द्यायचं. अनंत गोताड, अनंत गोताड, अनंत गोताड. तासभर सगळे पायऱ्यांवर बसून परीक्षेला बसल्यासारखे लिहीत होते, एकमेकांना वाचून दाखवत होते. आडवा झालेला कॉर्पोरलसुद्धा उठून लिहायला लागला. मी कोपऱ्यात उभा राहून स्वतःवर खूष होतो. वडिलांना हे सांगायला हवं होतं असंही वाटून गेलं.

कार्डं टाकताना गोताडांनी मला विचारलं होतं, हे मुद्दाम नोंदवतो. "सायेब, ही पण पेटीतच टाकायची?"

मी म्हटलं, "टाका. नंबर आहेत त्यांना. कमी भरली तर उद्या तेच विचारत बसतील."

मंगळवारी राईहून वर्गीसचा फोन आला. वर्गीस आमचा क्वालिटी मॅनेजर. केरळचा, सज्जन, कधी आवाज न चढवणारा.

"धोंडजी, शनिवार को आपके हॉल में क्या हुआ?"

मी हसत हसत सगळं सांगितलं. तोही हसला. मग म्हणाला, "आप एक बार ऑफिस आ जाइए."

तिथे टेबलावर चौसष्ट कार्डांचा गठ्ठा रबर लावून ठेवलेला होता. मी एकेक वाचून दाखवलं. 'सहा वर्षं घराला भिंत नाही आणि तुम्ही पुन्हा पडदे आणलेत.' 'माझे वडील हे बघायला जिवंत नाहीत, बरंच झालं.' 'घरापासून इतक्या लांब येऊनही लाज पाठ सोडत नाही.' एका कार्डावर नुसतं 'का?' आणि एकावर मोठ्या अक्षरांत, 'ज्यानं हे केलं त्याला आजच्या आज काढा.' मी ते कार्ड उलटलं. मागे निळ्या शाईत शिक्का होता, अनंत गोताड.

"हे फुटबॉलबद्दल आहे," मी म्हटलं. "लहान मुलालाही कळेल."

"मुझे भी समझता है," वर्गीस म्हणाला. "पर सिस्टम में कॉमेंट का कॉलम ही नहीं है. कार्ड नंबर, टिक, और पीछे का नाम. बस."

"मग काढून टाका ही कार्डं."

"गिनती क्लायंट के पास है. चौसठ."

नियम असा होता. एका महिन्यात एकाच माणसाच्या नावावर दहापर्यंत 'पुअर' आले तर त्याला पुन्हा ट्रेनिंग. दहाच्या वर गेले तर साइटवरून काढायचं, म्हणजे नोकरीच संपली. दहाच्या वर कोणी कधी गेलं नव्हतं. कोणी जाईल असं नियम करणाऱ्यालाही वाटलं नसेल.

"हा नियम केला कोणी? सैन्यानं?"

वर्गीसनं चष्मा काढून पुसला. "हमने. टेंडर में लिखा था. अच्छा दिखता है."

मग मी म्हटलं, माझं नाव घाला. कार्डं मी वाटायला लावली, चूक माझी. हे मी म्हटलं, याला वर्गीस साक्षी आहे. तो म्हणाला, सुपरवायझरचं नाव आलं की ती मॅनेजमेंटची चूक ठरते, मग आख्खं कंत्राट धोक्यात आणि हॉलवरची अकरा माणसं घरी. दोन महिन्यांनी टेंडर पुन्हा निघणार होतं. "हीरो मत बनिए," तो म्हणाला. मी पुन्हा आग्रह केला नाही. आतून कुठेतरी हायसं वाटलं, हेही खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

कॅम्पवर परतलो तो मिलरला गाठायला. तुकडीनं एक पत्र दिलं असतं तर काहीतरी झालं असतं. त्यांच्या तंबूंच्या रांगेत दोन फिलिपिनो कामगार खाटांच्या गाद्या उचलत होते. तुकडी आदल्या पहाटेच उत्तरेला गेली होती.

मग क्लायंटच्या ऑफिसात गेलो. तिथे एक मेजर बाई कंत्राटं बघायच्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी त्याच राज्याची आहे. शनिवारी मी मागच्या पायरीवर होते. त्या गठ्ठ्यात एक कार्ड माझंही आहे."

माझा जीव भांड्यात पडला. तो फार वेळ तिथे राहिला नाही.

"तुमच्या माणसाला काढा असं आम्ही कधीच म्हटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "उत्तम माणूस आहे तो. पण नियम तुमच्या कंपनीचा आहे, तुमच्याच टेंडरमधला. तो पाळू नका असं मी कंत्राटदाराला लेखी देऊ शकत नाही. टेंडर पुन्हा निघायचं असताना तर मुळीच नाही."

"तोंडी सांगाल?"

"तोंडी सांगितलेलं कोण धरतं?" त्यांना खरंच वाईट वाटत होतं. मला त्यांचा रागही धड येईना.

कंपनी म्हणत होती क्लायंटसाठी करावं लागतंय. क्लायंट म्हणत होता आम्ही मागितलंच नाही. दोन्ही खरं होतं. सगळ्यांना सगळं कळत होतं. कोणी दुष्ट असतं तर भांडता तरी आलं असतं.

गोताडांना मी हॉलच्या मागे, सावलीत नेऊन सांगितलं. ते हातातल्या किल्ल्या बघत होते.

"त्यांनी माझा नाव लिवलानी?"

"नाही. नाव तुमच्या शिक्क्याचं."

"मग शिक्का मारायला नको होता काय मी?"

"मारायलाच हवा होता. नियमच आहे."

"मग?"

मी टेंडरमधला नियम पुन्हा एकदा सांगितला.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "त्या टायमाला लढाईनं काढलान. ह्या टायमाला बॉलानं." ते रागावले असते तर बरं झालं असतं. माझ्या हाताशी तेव्हा कागदही नव्हता.

मी स्वस्थ बसलो नाही. शुऐबा बंदराच्या भागात माझ्या ओळखीचा एक फोरमन होता. त्याला सुतार हवा होता आणि तो गोताडांना दुसऱ्या दिवशी घ्यायला तयार होता. पण कुवेतमध्ये माणसाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, कंपनीच्या नावावर असतो. जुन्या कंपनीनं सोडपत्र दिल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नाही. मी आमच्या मुदीरपर्यंत, म्हणजे सगळ्यात वरच्या साहेबापर्यंत, गेलो. त्यांनी चहा दिला. साइटवरून काढलेल्या माणसाला सोडपत्र न देण्याचा कंपनीचा नियम आहे, असं त्यांनी सांगितलं. हाही आपलाच नियम का, हे मी विचारलं नाही.

शहरात रिग्गईला घरी आलो तेव्हा बायकोनं सगळं ऐकून एकच विचारलं, "मग तू तुझं नाव का नाही दिलंस?"

"दिलं होतं. त्यांनी घेतलं नाही."

"किती वेळा दिलंस?"

मी हातपाय धुवायला गेलो.

जायच्या दिवशी गोताडांनी नावाचा शिक्का पुसून, त्याचं झाकण लावून माझ्या टेबलावर ठेवला. पिंगपाँगच्या जाळ्याचा उरलेला दोरा कुठल्या खणात आहे ते दाखवलं. आणि म्हणाले, "पायऱ्यांचे खिळे महिन्याला एकदा ठोकून घ्या. ह्या उन्हात लाकूड सुकतं, खिळे वर येतात. कुणाच्या तरी पायाला लागंल." मी हो म्हटलं. कंपनीची गाडी त्यांना घेऊन विमानतळावर गेली. या खेपेला हत्यारांची पेटी बरोबर होती, तेवढंच.

टेंडर आम्हालाच पुन्हा मिळालं. वर्गीसनं त्याच्या रिपोर्टमध्ये 'तक्रारींवर तातडीनं कारवाई' या सदरात हे उदाहरण घातलं होतं, असं मला पुढे कळलं.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात मला मिलरची ईमेल आली. तो सुखरूप घरी पोचला होता, पुन्हा भूगोल शिकवत होता. चार ओळी कॅम्पच्या आठवणींच्या होत्या. मग लिहिलं होतं, 'मिस्टर जींना सांगा, आम्ही सगळे चुकलो. तो मुलगा हिरा निघाला. भिंत अजून नाही, पण तो असा पळतो की भिंत लागतच नाही. इथे शाळेतली निम्मी पोरं त्याच्या नावाचा शर्ट घालून येतात. त्या रात्रीची आमची कार्डं जपून ठेवली असतील तर फाडून टाका.'

गोताडांचं काय झालं ते त्याला ठाऊक नव्हतं. मी उत्तर लिहिलं, अभिनंदन केलं, पण ते कळवलं नाही. त्या माणसानं उत्तरेला जे पाहिलं असेल त्यात आणखी हे कशाला, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण एवढं चांगलं नसावं.

गोताडांना मात्र फोन केला. त्यांच्या शेजाऱ्याकडे फोन होता, बोलवायला दहा मिनिटं लागली. गुडघ्यानं आता बसून रंधा मारता येत नाही म्हणाले. मुलीनं एक वर्ष थांबायचं ठरवलं होतं, ते संपलं होतं. अजून कॉलेजात परत गेली नव्हती, चिपळूणला एका डॉक्टरांकडे केसपेपर लिहीत होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून त्यांना मिलरची बातमी दिली.

"म्हणजे त्यो पोरगा बरा निघाला?"

"फार चांगला निघाला. सगळे म्हणतात आम्ही चुकलो."



"मग सायेब," ते म्हणाले, "त्यांना परत कार्डं भरायला सांगा."

ते थट्टा करत नव्हते. नियम त्यांना पाठ होता.

त्यानंतर मी आणखी सात वर्षं त्या धंद्यात काढली. रागावलेल्या माणसाच्या हातात पुन्हा कधी कागद दिला नाही. पुढच्याच वर्षी दुसऱ्या राज्याची तुकडी आली, त्यांची टीम दुसरी, दुःख तेच. त्यांच्यातल्या एकानं खुर्ची उचलली आणि मी बाजूला झालो. टीव्ही वाचला, खुर्चीचे दोन पाय गेले आणि खालच्या पायरीची फळी उखडली. ती आम्ही दोरीनं बांधून ठेवली. दुरुस्त करणारं कोणी नव्हतं.